जिवाणू, न्यायालय आणि आपण : डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती यांची संशोधनयात्रा

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या दप्तरी 'डायमंड विरुद्ध चक्रवर्ती' या नावाचा एक खटला नोंदलेला आहे. १६ जून १९८० रोजी त्याचा निकाल लागला. सिडनी डायमंड हे त्या वेळचे पेटंट आयुक्त, आणि चक्रवर्ती म्हणजे बीरभूम जिल्ह्यातल्या एका छोट्या गावातून अमेरिकेस गेलेले जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. आनंदमोहन चक्रवर्ती. शाळेच्या हीरक महोत्सवाच्या अंकात हिऱ्याचे नाव असलेला खटला यावा, हा निव्वळ योगायोग आहे. परंतु त्या खटल्यातील प्रश्न योगायोगाचा नव्हता. माणसाने प्रयोगशाळेत घडवलेला एक जिवंत जिवाणू हा 'शोध' म्हणून कोणाच्या मालकीचा होऊ शकतो काय? नऊ न्यायमूर्तींपैकी पाचांनी 'होय' म्हटले, चौघांनी 'नाही'. एका मताच्या त्या अंतरावर पुढे जगभरचा एक मोठा उद्योग उभा राहिला.

या अंकात शाळेचा इतिहास इतरांनी आत्मीयतेने लिहिला आहे. मी आपणांपुढे हा दुसरा इतिहास ठेवू इच्छिते, त्याला कारण आहे. दहावी-बारावीच्या निकालानंतर भेटावयास येणाऱ्या पालकांच्या बोलण्यात 'बायोटेक्नॉलॉजी' हा शब्द आता वारंवार येतो. आपले कितीतरी माजी विद्यार्थी औषधनिर्मितीच्या कारखान्यांत, रुग्णालयांच्या प्रयोगशाळांत आणि संशोधनसंस्थांत आहेत. मी इतिहासाची शिक्षिका, विज्ञानाची नव्हे. म्हणूनच या शास्त्राकडे पाहताना मला प्रश्न पडतो तो इतिहासाचा : हे सारे सुरू कोठून झाले, निर्णय कोणी घेतले, आणि त्या निर्णयांत सामान्य नागरिकाचा वाटा किती होता?

बीरभूम ते इलिनॉय

आनंदमोहन चक्रवर्ती यांचा जन्म ४ एप्रिल १९३८ रोजी सैंथिया येथे झाला. ज्या बीरभूम जिल्ह्यात रवींद्रनाथांचे शांतिनिकेतन आहे, त्याच जिल्ह्यातले हे गाव. सात भावंडांत ते धाकटे. गावच्या शाळेनंतर बेलूरचे रामकृष्ण मिशन विद्यामंदिर, मग कोलकात्याचे सेंट झेवियर्स महाविद्यालय आणि पुढे कोलकाता विद्यापीठ, असा त्यांच्या शिक्षणाचा प्रवास झाला. १९६५ मध्ये त्यांनी पीएच.डी. पदवी मिळवली आणि त्याच वर्षी ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात प्राध्यापक आयर्विन गन्सेलस यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले.

सूक्ष्मजीवांचा उपयोग तेव्हा नवा नव्हता. आपल्या घरोघरी रात्री दुधाला विरजण लागते, इडलीचे पीठ आंबते, ती कामगिरी सूक्ष्मजीवांचीच. १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात बुरशीपासून पेनिसिलिन तयार होऊ लागले होते. मात्र या साऱ्यात माणूस निसर्गातला जीव निवडत होता आणि त्याला पोसत होता. त्या जिवाच्या अंगी नवे गुण घडवता येतील काय, हा प्रश्न पुढचा होता.

गन्सेलस यांच्या प्रयोगशाळेचा विषय वरवर पाहता अगदी निरुपद्रवी वाटावा असा होता. मातीत 'सूडोमोनास' नावाचे जिवाणू आढळतात. त्यांचे वैशिष्ट्य असे की, इतर जीव ज्या पदार्थांना तोंड लावणार नाहीत, त्यांवर ते जगतात. त्यांपैकी काही कापूर खातात. देवापुढे आपण जाळतो तोच कापूर! कापराचा रेणू हा जिवाणू कसा फोडतो, कोणती विकरे वापरतो, त्यातून ऊर्जा कशी मिळवतो, याचा अभ्यास तेथे चालला होता. अशा अभ्यासाचा उपयोग काय, असे त्या वेळी कोणी विचारले असते, तर समाधानकारक उत्तर देणे अवघड गेले असते.

कापूर, डांबराच्या गोळ्या आणि फिरते गाठोडे

कापूर पचवण्याचे हे कौशल्य जिवाणूच्या ठायी नेमके कोठे असते, या प्रश्नातून चक्रवर्ती यांच्या कार्याला दिशा मिळाली. जिवाणूचे बहुतेक जनुक त्याच्या मुख्य गुणसूत्रावर असतात. त्याखेरीज डी.एन.ए.ची लहान, स्वतंत्र कडीही अनेक जिवाणूंत आढळतात. त्यांना 'प्लाझमिड' म्हणतात. गुणसूत्र हे घर मानले, तर प्लाझमिड हे प्रवासाचे गाठोडे. दोन जिवाणू एकमेकांच्या निकट आले, म्हणजे एकाकडील गाठोड्याची प्रत दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि त्यासोबत त्यातले कौशल्यही जाते. प्रतिजैविकांना दाद न देण्याचा गुण जिवाणूंमध्ये असा पसरतो, हे तोपर्यंत माहीत झाले होते. विशिष्ट पदार्थ पचवण्याचा गुणही याच मार्गाने फिरतो, हे गन्सेलस यांच्या गटाने आणि चक्रवर्ती यांनी दाखवून दिले.

कापूर पचवणारे प्लाझमिड त्यांपैकी एक. सॅलिसिलेट, म्हणजे ॲस्पिरिनच्या कुळातला पदार्थ, पचवणारे दुसरे. पेट्रोलमध्ये असणारे ऑक्टेन पचवणारे तिसरे. कपाटातल्या कपड्यांत आपण ज्याच्या गोळ्या ठेवतो ते नॅप्थॅलीन पचवणारे चौथे. १९७०च्या दशकाच्या आरंभी ही माहिती एकेका शोधनिबंधातून पुढे येत गेली. एक-एक कौशल्य एका-एका गाठोड्यात बांधलेले आहे, आणि ते एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे देता येते, हे कळल्यावर पुढची कल्पना सुचणे स्वाभाविक होते. पण ती सुचली एकाला.

तेल खाणारा जिवाणू

१९७१ मध्ये चक्रवर्ती न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या संशोधनकेंद्रात रुजू झाले. त्या काळी समुद्रातील तेलगळतीने जगाला अस्वस्थ केले होते. १९६७ मध्ये 'टॉरी कॅन्यन' हे तेलवाहू जहाज इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्याजवळ खडकांवर फुटले आणि एक लाख टनांहून अधिक कच्चे तेल समुद्रात गेले. तेल घालवण्यासाठी फवारलेल्या रसायनांनी किनाऱ्यावरील जीवसृष्टीचे तेलापेक्षाही अधिक नुकसान केले. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे समुद्रातील तेलविहिरीतून गळती झाली.

कच्चे तेल हा एक पदार्थ नसून शेकडो हायड्रोकार्बनांचे मिश्रण असते. एका जातीचा जिवाणू त्यातला एखादाच घटक खातो. वेगवेगळ्या जातींचे जिवाणू एकत्र सोडावेत, तर ते एकमेकांशी स्पर्धा करतात, काही तग धरत नाहीत, आणि तेलाचा बराच भाग तसाच उरतो. चक्रवर्ती यांनी विचार केला, की सर्व गाठोडी एकाच जिवाणूच्या पाठीवर दिली तर?

हे म्हणण्याइतके सोपे नव्हते. काही प्लाझमिडे एका पेशीत एकत्र नांदत नाहीत. एक आले की दुसरे बाहेर पडते. कापूर आणि ऑक्टेन यांची प्लाझमिडे अशीच परस्परांना न सोसणारी. चक्रवर्ती यांनी अतिनील किरणांचा उपयोग करून ती दोन्ही एकत्र जोडली, म्हणजे भांडणाऱ्या दोन गाठोड्यांचे एकच गाठोडे केले. मग सॅलिसिलेट व नॅप्थॅलीन यांची प्लाझमिडे त्याच जिवाणूत आणून स्थिर केली. अशा रीतीने तेलातील निरनिराळ्या घटकांवर एकाच वेळी चाल करणारा जिवाणू तयार झाला. निसर्गात असा जिवाणू कोणाला आढळलेला नव्हता.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. आज ज्याला आपण जनुकीय अभियांत्रिकी म्हणतो, ज्यात डी.एन.ए. कापून दुसरीकडे जोडतात, ते तंत्र १९७३ मध्ये स्टॅन्ली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी सिद्ध केले. चक्रवर्ती यांनी जिवाणूंच्या नैसर्गिक देवघेवीचाच आधार घेतला होता. जनुकांच्या मालकीचा आद्य खटला म्हणून जो प्रसिद्ध झाला, त्यातील जिवाणू कापाकापीच्या तंत्राने घडलेलाच नव्हता.

नऊ न्यायमूर्तींपुढे

जून १९७२ मध्ये पेटंटसाठी अर्ज दाखल झाला. त्यात तीन प्रकारच्या मागण्या होत्या. हा जिवाणू तयार करण्याची पद्धत ही पहिली. पाण्यावर तरंगणाऱ्या पेंढ्यासारख्या पदार्थावर जिवाणू रुजवून केलेले मिश्रण ही दुसरी. तिसरी होती खुद्द जिवाणूची. पहिल्या दोन पेटंट कार्यालयाने मान्य केल्या आणि तिसरी फेटाळली. जिवाणू ही निसर्गाची निर्मिती आहे, आणि जिवंत वस्तूंना पेटंट देता येत नाही, अशी दोन कारणे दिली गेली.

या भूमिकेला आधार होता. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात पेटंट नाकारले होते. हरभरा, भुईमूग अशा शेंगवर्गीय पिकांच्या मुळांशी राहून हवेतील नत्र जमिनीला देणारे जिवाणू आपण जाणतो. त्यांच्या निरनिराळ्या जाती एकत्र करून एका संशोधकाने मिश्रण बनवले होते. न्यायालयाने म्हटले होते, की प्रत्येक जिवाणू पूर्वी जे करीत होता तेच आताही करतो. माणसाने त्यात नवे काही घातलेले नाही. दुसरीकडे, लुई पाश्चर यांना १८७३ मध्येच अमेरिकेत रोगजंतूंपासून मुक्त अशा किण्वासाठी पेटंट मिळालेले होते. म्हणजे दोन्ही बाजूंना पूर्वीची उदाहरणे होती.

अपिलांच्या पायऱ्या चढत प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचले. बहुमताचा निर्णय सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिला. त्याचा सारांश असा : प्रश्न सजीव की निर्जीव हा नाहीच. प्रश्न आहे तो निसर्गाची निर्मिती की माणसाची निर्मिती हा. शेंगांच्या मुळांवरचे जिवाणू निसर्गात जसे होते तसेच राहिले होते. चक्रवर्ती यांचा जिवाणू मात्र निसर्गातील कोणत्याही जिवाणूहून वेगळ्या गुणांचा आहे, म्हणून तो त्यांची निर्मिती ठरतो.

विरुद्ध मत न्यायमूर्ती विल्यम ब्रेनन यांनी लिहिले आणि तिघा न्यायमूर्तींनी त्यास संमती दिली. तेही वाचण्यासारखे आहे. अमेरिकी संसदेने १९३० व १९७० मध्ये वनस्पतींसाठी खास कायदे केले, आणि १९७०च्या कायद्यात तर जिवाणू स्पष्टपणे वगळले. सर्वसाधारण पेटंट कायद्यात सजीव आधीपासूनच येत असते, तर या खास कायद्यांची गरज काय होती? मालकीहक्काची सीमा सजीवांपर्यंत वाढवायची असेल, तर ते काम लोकप्रतिनिधींचे आहे, न्यायालयाचे नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते.

दोन्ही मते वाचल्यावर मला जाणवते ते असे, की वाद विज्ञानाचा कमी आणि शब्दांच्या अर्थाचा अधिक होता. 'निर्मिती' म्हणजे काय? 'निसर्ग' म्हणजे काय? प्रयोगशाळेत ज्यांनी कधी परीक्षानळी हाती धरली नसेल, अशा नऊ व्यक्तींनी या शब्दांचा अर्थ ठरवला. लोकशाहीत हे असेच व्हावयाचे, आणि ते योग्यही आहे. कारण निर्णयाचे परिणाम सर्वांवर होतात.

परिणाम लवकरच दिसू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जेनेनटेक या नवख्या जैवतंत्रज्ञान कंपनीचे समभाग बाजारात आले आणि पहिल्याच दिवशी ३५ डॉलरांचा भाव काही काळ ८८ डॉलरांपर्यंत चढला. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली. १९८८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाला जनुकीय बदल केलेल्या उंदराचे पेटंट मिळाले. जिवाणूपासून सस्तन प्राण्यापर्यंतचे अंतर कायद्याने आठ वर्षांत ओलांडले.

न वापरलेला जिवाणू

ज्या जिवाणूसाठी एवढे रण माजले, त्याचे पुढे काय झाले? तो समुद्रातील तेलगळतीवर कधीच वापरला गेला नाही. पेटंट ३१ मार्च १९८१ रोजी मंजूर झाले ते जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या नावे. शोधक म्हणून नाव चक्रवर्तींचे, मालकी मात्र कंपनीची. चक्रवर्ती स्वतः १९७९ मध्येच कंपनी सोडून गेले होते. प्रयोगशाळेत घडवलेला जीव उघड्या समुद्रात सोडावा की नाही, सोडल्यास तो परत कसा घ्यावयाचा, याविषयीची शंका समाजाच्या मनात होती आणि ती अनाठायी नव्हती.

१९८९ मध्ये अलास्कात 'एक्सॉन वाल्डीझ' जहाजातून प्रचंड तेलगळती झाली, तेव्हा काही किनाऱ्यांवर जिवाणूंची मदत घेण्यात आली. परंतु ते जिवाणू तेथलेच होते. त्यांना नत्र व स्फुरद असलेली खते पुरवून त्यांची वाढ केली गेली. आपल्याकडे दिल्लीच्या 'टेरी' संस्थेने तेलशुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळ नष्ट करण्यासाठी 'ऑइलझॅपर' हे जिवाणूंचे मिश्रण विकसित केले, तेही निसर्गातून निवडलेल्या जिवाणूंचेच. म्हणजे चक्रवर्ती यांनी दाखवलेला मार्ग, जिवाणूंकडून तेल पचवून घेण्याचा, स्वीकारला गेला. त्यांनी घडवलेला जिवाणू मात्र कुपीतच राहिला.

याला अपयश म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. कोणताही शोध समाजात उतरताना समाज त्याला प्रश्न विचारतो. काही प्रश्नांची उत्तरे मिळतात, काहींची मिळेपर्यंत थांबावे लागते. त्या थांबण्याच्या काळात संशोधकाने काय करावे, याचे उदाहरण चक्रवर्ती यांच्या पुढील आयुष्यात आहे.

शिकागोतील दशके

१९७९ पासून ते शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक होते. व्हिएतनाम युद्धात जंगले निष्पर्ण करण्यासाठी 'एजंट ऑरेंज' हे तणनाशक फवारले गेले. त्यातील एक घटक निसर्गात सहजासहजी नष्ट होत नाही. चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रासायनिक कचऱ्याच्या जागांवरून आणलेले सूक्ष्मजीव व निरनिराळी प्लाझमिडे एकत्र ठेवली. मग त्यांचे नेहमीचे अन्न हळूहळू कमी करीत आणि ते तणनाशक हळूहळू वाढवीत कित्येक महिने प्रयोग चालवला. अखेर त्या विषावरच जगणारा जिवाणू त्यांच्या हाती आला. १९८१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. घाई न करता, निवडीचा दाब थोडा-थोडा वाढवत न्यायचा, हे त्यामागचे तत्त्व.

त्यानंतर त्यांचे लक्ष त्याच सूडोमोनास कुळातील एका उपद्रवी जातीकडे वळले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांच्या फुप्फुसात ही जात स्वतःभोवती अल्जिनेट नावाचे चिकट आवरण तयार करते, आणि त्यामुळे औषधे तिच्यापर्यंत पोचत नाहीत. हे आवरण कोणत्या जनुकांमुळे तयार होते, याचा त्यांच्या प्रयोगशाळेने दीर्घ अभ्यास केला.

या अभ्यासातून उतारवयात त्यांना एक नवा विषय गवसला. जंतुसंसर्गाने कर्करोगाच्या गाठी क्वचित आकसतात, हे निरीक्षण जुने आहे. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९०च्या दशकातच त्यावर उपचार उभारण्याचा प्रयत्न केला होता. चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी, शल्यचिकित्सक डॉ. तपस दासगुप्ता, यांनी सूडोमोनास जिवाणूपासून मिळणाऱ्या 'अझुरिन' या तांबेयुक्त निळ्या प्रथिनाचा अभ्यास केला. हे प्रथिन कर्करोगाच्या पेशींत शिरते आणि तेथील 'पी-५३' या रक्षक प्रथिनाला बळ देऊन त्या पेशींना मृत्यूकडे नेते, असे २००२ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केले. अझुरिनमधील अवघ्या २८ अमिनो आम्लांचा एक तुकडा वेगळा काढून त्याची माणसांवर प्राथमिक चाचणीही झाली. १५ रुग्णांवरील त्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि औषधाचा गंभीर विषारी परिणाम आढळला नाही. नेहमीच्या वापरातले औषध मात्र ते अजून झालेले नाही. कर्करोगाच्या संशोधनात पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंतचे अंतर फार मोठे असते, हे पालकांनी आणि वर्तमानपत्रांतील मथळे वाचणाऱ्या आपण सर्वांनी लक्षात ठेवणे बरे.

२००७ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. १० जुलै २०२० रोजी, वयाच्या ८२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. कापरापासून कर्करोगापर्यंतच्या या प्रवासात एकच धागा दिसतो. 'हा जिवाणू काय करू शकतो?' हा साधा प्रश्न त्यांनी कधी सोडला नाही.

त्यांच्या कार्याचा आणखी एक भाग फारसा कोणाला ठाऊक नाही, आणि शिक्षिका म्हणून मला तो सर्वांत मोलाचा वाटतो. न्यायाधीशांना जनुकशास्त्राची ओळख करून देणाऱ्या उपक्रमांत ते आवर्जून सहभागी होत. ज्या न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, त्या न्यायव्यवस्थेला विज्ञान समजावून सांगणे, हे आपले कर्तव्य आहे असे त्यांनी मानले.

हळद, कोलकाता आणि आपला कायदा

हा सारा इतिहास अमेरिकेचा आहे, आपला त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध फार जवळचा आहे.

१९९५ मध्ये हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट दिले गेले. चिरलेल्या बोटावर हळद दाबणाऱ्या प्रत्येक आजीला हे ऐकून नवल वाटले असते. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने पेटंटला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. या झुंजीला पुढे हळदीघाटीची नवी लढाई असे म्हटले गेले. ती जिंकली गेली ती लेखी पुराव्यांवर. संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांतले आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातले उल्लेख परिषदेने सादर केले. आपल्या भाषांत लिहून ठेवलेले ज्ञान परक्या देशाच्या पेटंट कार्यालयातही पुरावा ठरले, ही गोष्ट मराठी माध्यमाच्या शाळेने भिंतीवर कोरून ठेवावी अशी आहे. आजी जे जाणते ते खरे असते. पण ते कोणी लिहून ठेवलेले असेल, तरच परक्याला दाखवता येते.

चक्रवर्ती ज्या शहरात शिकले, त्या कोलकात्याच्या उच्च न्यायालयापुढे जानेवारी २००२ मध्ये जिवंत वस्तूचाच प्रश्न आला. कोंबड्यांच्या एका रोगावरील जिवंत लस तयार करण्याच्या पद्धतीला पेटंट कार्यालयाने नकार दिला होता. अंतिम उत्पादनात सजीव असतो म्हणून पेटंट नाकारता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. त्याच वर्षी संसदेने पेटंट कायद्यात दुरुस्ती केली. वनस्पती व प्राणी यांना पेटंट नाही. सूक्ष्मजीवांचा मात्र अपवाद. निसर्गात आधीच असलेली सजीव वस्तू केवळ शोधून काढली, तर तीही पेटंटयोग्य नाही. म्हणजे माणसाने घडवलेले आणि निसर्गात सापडलेले यांतील जी रेषा १९८० मध्ये आखली गेली, ती आपल्याही कायद्यात आहे. खुद्द अमेरिकेतही २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले, की मानवी शरीरातील जनुक केवळ वेगळा काढला म्हणून त्यावर पेटंट मिळणार नाही.

असे प्रश्न केवळ न्यायालयातच येतात असे नाही. जालन्याच्या महिको कंपनीने विकसित केलेल्या बीटी वांग्याला परवानगी द्यावी की नाही, यावर २०१० च्या आरंभी केंद्र सरकारने देशातील सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या. त्यांत नागपूरही होते. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक सारे बोलले. फेब्रुवारीत सरकारने त्या वांग्याला स्थगिती दिली. निर्णय कोणाला पटला, कोणाला पटला नाही. पण विज्ञानाचा प्रश्न एका सभागृहात सामान्य माणसापुढे येऊन उभा राहिला होता, हे निर्विवाद.

मातृभाषेची शाळा आणि उद्याचा नागरिक

येथे मला मुद्द्यावर यावयाचे आहे. महाराष्ट्रापासून दूर असलेल्या गावात मराठी शाळा का चालवावी, असा प्रश्न आपल्याला साठ वर्षे विचारला जात आहे. भाषेचे प्रेम, संस्कृतीचे जतन ही उत्तरे आपण देतो आणि ती खरी आहेत. चक्रवर्ती यांची कथा त्यात आणखी एका उत्तराची भर घालते. जो विषय आपल्या भाषेत समजला नाही, त्यावर मत देण्याचा आपला अधिकार कागदावरच राहतो. आपल्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला प्रयोगशाळा येणार नाही. परंतु प्रत्येक मूल कधीतरी मतदार होईल, काही जण वकील होतील, कोणी न्यायासनावर बसेल, कोणी ग्रामसभेत उभे राहील. 'हे माणसाने घडवले की निसर्गात होते?' 'याची मालकी कोणाची?' 'सोडलेले परत घेता येईल काय?' हे प्रश्न आपल्या भाषेत विचारता येणे ही त्यांची खरी शिदोरी आहे.

म्हणूनच मुलांना विज्ञानशाखेस घालण्यापूर्वी पालकांनी एक लक्षात घ्यावे. कापूर खाणाऱ्या जिवाणूचा अभ्यास ज्या दिवशी सुरू झाला, त्या दिवशी त्याला बाजारभाव नव्हता. 'बायोटेक' या शब्दामागे पगाराचा आकडा शोधण्याआधी, आपल्या मुलाला एखादा प्रश्न दहा-वीस वर्षे पुरेल इतका आवडतो काय, हे पाहावे.

आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण ज्या प्रयोगशाळेत, रुग्णालयात, कारखान्यात वा न्यायालयात काम करता, तेथले काम वर्षातून एक तास येऊन आपल्या शाळेतल्या मुलांना मराठीत समजावून सांगा. इंग्रजी संज्ञा खुशाल वापरा. पण वाक्य मराठी असू द्या. तुमच्या कामाला आवश्यक असे काही मराठी शब्द आज नसतील, तर ते मुलांसमोर बोलतानाच घडतील. शाळेच्या पुढील वाटचालीत अशा तासांची एक नोंदवही प्रयोगशाळेत ठेवण्याचा आमचा मानस आहे. तिच्या पहिल्या पानावर कोणाचे नाव येते, याची आम्ही वाट पाहत आहोत.